मिठाचा धोंडा

माघ सरत आला की आमच्या शहरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कडुनिंबं गळायला लागतात आणि चर्चासत्रं भरायला लागतात. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स चढतो, पटांगणात मांडव पडतो, आणि एरवी चपला फटफटवत हिंडणारी ओळखीची माणसं एकदम कोट घालून अनोळखी होतात. सकाळी शाल लागते, दुपारी उन्हाला धार येते. वाऱ्यावर आंब्याच्या मोहराचा वास असतो आणि त्याच वाऱ्यावर जालना रोडची धूळही असते. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता मला कुणी निबंध मागत नाही, कुणी मांडवात बोलावत नाही. तरी हा वारा सुटला की माझे पाय कॉलेजच्या फाटकाकडं वळतात.

पंधरवड्यापूर्वी मोबाइलवर निमंत्रण आलं. ‘नाट्य, चित्रपट, शिक्षण आणि जीवाश्मविज्ञान : अलीकडचे संशोधन.’ आता ही काय भेळ आहे, असं कुणीही म्हणेल. नाटकवाल्यानं आणि दगडातले शिंपले हुडकणाऱ्यानं एका मांडवात बसून एकमेकांना काय सांगायचं? पण मला हसू आलं नाही. कारण ही भेळ मी आधी खाल्लेली आहे. ह्याच कॉलेजात, ह्याच पटांगणात, बरोबर ह्याच चार विषयांचा मांडव एकदा पडला होता आणि तो अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. निमंत्रणात खाली वक्त्यांची नावं होती. त्यात सुमन पांढरे हे नाव होतं. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तेव्हा सगळ्या पाट्यांवर शहराचं नाव औरंगाबाद होतं, माझे केस काळे होते आणि मी त्या कॉलेजात मराठी आणि नाटक शिकवत होते. चार विषयांची कल्पना आमच्या प्राचार्यांची. नाटकाचा विभाग लहान, चित्रपटाचा त्याहून लहान, शिक्षणशास्त्राला दोन खोल्या आणि भूगर्भशास्त्राला एक अंधारी प्रयोगशाळा. एकट्यानं चर्चासत्र घेण्याचं बळ कुणातच नाही, म्हणून त्यांनी चौघांची मोट बांधली. वर सांगितलं की ज्ञानाला भिंती नसतात. आमच्या कॉलेजात पावसाळ्यात खरोखरच एक भिंत पडली होती, त्यामुळं ते वाक्य ऐकून आम्ही मागं बसून खूप हसलो.

माझा निबंध पोलीस ॲक्शननंतरच्या शहरातल्या हौशी नाटकांवर होता. मी शहराच्या छावणी भागात वाढलेली. वडील सांगायचे, निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात गल्लीगल्लीत मराठी नाटकं बसली. पडदे म्हणून घरच्या चादरी, आणि परवाना मागायला कुणाच्या दारात जायचं नाही ह्याचंच सगळ्यांना नवल. त्या नाटकांतून कामं केलेले म्हातारे शोधत मी हिंडायची. एकाला नाटकाचं नाव आठवेना, गोष्ट आठवेना, पण बाईच्या सोंगासाठी नेसलेल्या लुगड्याचा रंग मात्र आठवत होता, आणि तो सांगताना लाजला. चित्रपट शिकवणारे शेख सर माझे जुने सहकारी. त्यांना मी हे सगळं रंगवून सांगितलं तर ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, त्या हिवाळ्याबद्दल आमच्या दादी कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. तेवढंच. मग ते त्यांच्या तंबूतल्या सिनेमाबद्दल बोलायला लागले. एकाच गावात, एकाच हिवाळ्यात, एका घरात चादरी बांधून नाटकं चालतात आणि दुसऱ्या घरात तो हिवाळाच तोंडातून निघत नाही. माझ्या निबंधात ह्याला जागा कुठं करायची ते मला कळलं नाही.

आणि सुमन. सुमन भूगर्भशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतलेल्या तासाचाच मोबदला, सुट्ट्या सगळ्या कोरड्या, आणि मांडवाच्या दोऱ्यांपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत पडेल ते काम आधी तिच्या गळ्यात. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची आणि पायऱ्यांवर डबा उघडला की ताई. तिचं घर करमाडच्या पलीकडं, मेंढपाळांचं. अर्धं वर्ष तिचे आईवडील मेंढरं घेऊन फिरतीवर असत, आणि ही आजोळी राहून शिकली. त्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. बारीक चणीची, बोलायला फटकळ, आणि दगड दिसला की चालता चालता वाकून उचलणारी. तिच्या पर्समध्ये कंगव्यापेक्षा खडे जास्त असायचे.

तिचा सगळा जीव एका धोंड्यात होता. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. तिच्या घरी एक चपटा, राखाडी, पाटाएवढा धोंडा होता. तिच्या वडिलांच्या आज्यानं तो घराजवळच्या ओढ्यातून उचलून आणला होता. मेंढरांना अधूनमधून मीठ द्यावं लागतं. ते मीठ त्या धोंड्यावर टाकायचं आणि मेंढरांनी चाटायचं. घरात त्याला मिठाचा धोंडाच म्हणत. इतकी वर्षं, इतक्या मेंढरांच्या जिभा त्याच्यावरून फिरल्या की त्याचा वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता. आणि त्या गुळगुळीत भागात गोगलगायी होत्या. नखाएवढ्या, पांढऱ्या, वळणंवळणं मोजता येतील अशा. सुमन मला सांगायची की लहानपणी ती मेंढरांबरोबर पालथी पडून त्या गोगलगायींवर बोट फिरवायची, आणि जीभ लावली की धोंडा खारट लागायचा.

कॉलेजात आल्यावर तिला कळलं की प्रयोगशाळेत घासून घासूनही दगडाला जी झिलई येत नाही ती ह्यांच्या मेंढरांनी आणून ठेवलीय. मला तिनं एकदा पायऱ्यांवर बसून सगळं समजावून दिलं. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्हा. तो एकदाच आला नाही, थरावर थर आला. एक थर यायचा, निवायचा, मग फार मोठा काळ शांत जायचा. पाऊस पडायचा, खळग्यात पाणी साचायचं, त्यात गोगलगायी व्हायच्या. मग पुन्हा लाव्हा. आमच्या बाजूला अशा शांत काळाची खूण फारशी सापडत नाही. तिच्या धोंड्यात ती होती. “ताई, दोन आगींच्या मधे आमच्या दारात तळं होतं,” ती म्हणाली, आणि तिच्या अंगावर काटा आलेला मी बघितला.

पण ज्या ओढ्यातून तो धोंडा आला तो ओढाच राहिला नव्हता. तिथं जमीन सपाट करून कारखान्याची भिंत उठली होती. सुमनला भिंतीबाहेर कुठं कुठं चुरा सापडला, त्याच जातीचा, पण त्यात धड एक शिंपला नाही. म्हणजे सगळा दावा त्या एका धोंड्यावर उभा. तिच्या प्रबंधातलं मुख्य प्रकरण त्याच्यावर, पुढं कायमची नोकरी मिळाली तर त्या प्रबंधावर. चर्चासत्राला पुण्याहून ह्या विषयातले मोठे सर येणार होते. ते धोंडा हातात घेऊन बघणार, आणि त्यांनी मान हलवली की सुमनचं आयुष्य मार्गी लागणार. तिनं काढलेले फोटो होते, पण साध्या कॅमेऱ्याचे, अंधुक. फोटोवर कोण विश्वास ठेवतं, ती म्हणायची. दगड समोर पाहिजे.

मी तिला एकदा विचारलं होतं, आईला सांगितलंस का हे? ती हसली. “मायला काय सांगू? लाव्हा म्हंजे काय, इथून सुरू करावं लागंल. आणि इंग्रजीत शिकलेलं मला मराठीत नीट सांगताच येत नाय हो, ताई.” खरंच होतं ते. मलासुद्धा सांगताना ती मधेच अडायची, हातवारे करायची. आई विचारायची तेव्हा ती एवढंच म्हणायची की माझ्या कामाचा आहे, जपून ठेव. आणि आई जपून ठेवायची. मेंढरांना मीठ द्यायला तिनं दुसरा धोंडा आणला होता. हा धुऊन, पुसून, घरात देवाच्या फळीखाली ठेवला होता.

चर्चासत्राच्या आदल्या आठवड्यात सुमन घरी जाऊन सांगून आली. कॉलेजात माझा मोठा दिवस आहे, तू पण ये, धोंडा घेऊन जायचाय. आईनं विचारलं, जेवणं हायेत का? सुमन म्हणाली, हायेत की, गावजेवणासारखी. झालं. मायलेकींचं बोलणं तेवढंच. सुमननं मला हे हसत हसत सांगितलं होतं, की मायला कशाचंही सांगा, तिचा पहिला प्रश्न जेवणाचा.

त्या दिवसाची सकाळ मला अजून वासासकट आठवते. मांडवाच्या कापडाला एक कोंदट वास असतो, तो होता. ओल्या पटांगणाचा वास, कारण धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. मागच्या बाजूला कडुनिंबाखाली आचाऱ्यानं चुली मांडल्या होत्या, छावणीतून भाड्यानं आणलेल्या मोठ्या देगी होत्या, कांद्याचा ढीग होता. सुमन आणि तिची आई जीपनं आल्या. आईचं नाव गिरजाबाई. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर भलंमोठं कुंकू, पायात कडक नवीन चपला आणि त्या चावत होत्या म्हणून ती अलगद चालत होती. धोंडा बारदानात गुंडाळलेला. प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्लीवाला शिपाई यायचा होता. सुमन म्हणाली, माय, तू इथं सावलीत बस ह्याच्यापाशी, मी आलेच. आणि ती गेली ती अडकलीच. नावनोंदणी, पिशव्या, बिल्ले, कुणाचा चहा राहिला, कुणाला माइक हवा. तासिका तत्त्वावरच्या माणसाला त्या दिवशी चार हात असावे लागतात.

उद्घाटन चालू होतं. समईच्या वाती वाऱ्यानं विझत होत्या आणि प्राचार्य पुन्हा पुन्हा काडी ओढत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. फटाका फुटावा तसा, पण जड. पाहुण्यांनी मान वळवली, कुणीतरी म्हणालं टायर फुटलं, आणि सगळे पुन्हा समईकडं बघायला लागले. मी मात्र मांडवाच्या कडेला बसलेली, सुमन माझ्या शेजारी येऊन उभी राहिलेली. तिनं हवा हुंगली. काय हुंगली कोण जाणे. आणि ती मागं पळाली. तिच्यामागं मी.

चूल पेटलेली होती. देग तीन टेकूंवर, त्यातले दोन विटांचे, आणि तिसरा तो. त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं दिसत होतं, धुरानं अजून पुरतं झाकलं नव्हतं. मधोमध चीर गेली होती आणि कडेचा एक पापुद्रा उडून मातीत पडला होता. वर वरण उकळत होतं. गिरजाबाई चुलीपाशी उकिडवी बसून लाकूड पुढं सारत होती, आणि आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. आचारी घाबरला. माझ्या तोंडाकडं बघून तो आपणहून म्हणाला, “अम्मा बोले रखो, हमने रख दिये.” आणि गिरजाबाई मला म्हणाली, “लेकीचं कार्य हाय ना मॅडमबाई. चुलीला एक धोंडा घरचा लागतो. आमच्यात असंच असतंय. ह्या बाबाला ठावंच नव्हतं, त्यो समद्या विटाच लावत होता.”

मी तोंड उघडलं. मला ओरडायचं होतं. देग खाली उतरवा, पाणी घाला, काहीतरी करा. सुमननं माझं मनगट धरलं, असं घट्ट की नखं रुतली. “ताई, काही बोलू नका,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेताना असतो तसा. पाणी घातलं असतं तर तो धोंडा तिथंच भुगा झाला असता, हे तिला माहीत होतं. देग उतरवायची तर आईला कारण सांगावं लागलं असतं, हेही तिला माहीत होतं. म्हणून ती उभी राहिली. वरण शिजेपर्यंत उभी राहिली. मधूनमधून धोंडा बारीक तडतडायचा, एखादी कपची उडायची, आणि आई म्हणायची, लांब व्हा गं, चटका बसंल. सुमन हो म्हणायची आणि तिथंच उभी राहायची. मी नाटक शिकवण्यात आयुष्य घालवलं. पण माणूस चेहऱ्यावर एवढं काही न आणता उभं राहू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला ते बघवत नव्हतं.

आजही वरणाला फोडणी देताना मला कधी कधी ते आठवतं आणि मी गॅस बंद करते. मुलगी विचारते, काय झालं? काय सांगणार. आता सगळीकडं ठेकेदाराचं जेवण येतं, स्टीलच्या डब्यांतून, खाली निळ्या बुटक्या ज्योती. कडुनिंबाखाली चुली मांडत नाहीत. तरी माघातला गळता पाला पायाखाली वाजला की मला आधी धुराचाच वास येतो.

सुमननं नंतर आईला हात धुवायला लावले, पदर झटकून दिला आणि मांडवात पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. मी शेजारी बसले. शिक्षणशास्त्राच्या बाई निबंध वाचत होत्या, मराठीत. मेंढपाळ कुटुंबांतली मुलं शाळेतून का गळतात, असा विषय होता. पालक उदासीन असतात, त्यांना शिक्षणाची किंमत नसते, असं त्या वाचत होत्या. चांगल्या बाई होत्या त्या, मनानं वाईट नव्हत्या. त्यांना कुठं ठाऊक होतं समोर कोण बसलंय. गिरजाबाई लक्ष देऊन ऐकत होती. मग माझ्याकडं वाकून म्हणाली, “हे आमचंच सांगायलीत का?” मी मान हलवली. “व्हय, तसंच हाय,” ती म्हणाली, आणि बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

जेवणानंतर सुमनची वेळ आली. वरण सगळ्यांनी वाटी भरून खाल्लं होतं, पुण्याच्या सरांनी तर मागून घेतलं. मांडवात अर्धी माणसं पेंगत होती. सुमन उभी राहिली. तिनं निबंध इंग्रजीत लिहिला होता, तो तिनं वाचला. लाव्हा, थर, तळं, गोगलगायी. मोठे सर पुढं सरकून बसले. त्यांना आवडत होतं, कुणालाही दिसलं असतं. वाचून झाल्यावर त्यांनी प्रेमानं विचारलं की तो नमुना कुठं आहे, आम्हाला दाखवा.

मी खुर्चीचा दांडा धरून बसले. तिला खोटं बोलता आलं असतं. चोरीला गेला म्हणता आलं असतं, जीपमधून पडला म्हणता आलं असतं. खोटं बोलली असती तर आईला वाचवलं असतं आणि सरांनी हळहळून फोटोंवर काही भागवलंही असतं कदाचित. पण दगडाच्या बाबतीत ती पोरगी खोटं बोलायचीच नाही, तेवढं एक तिच्यात भलतंच कडक होतं. आणि खरं सांगायचं तर आई समोर बसलेली, पुढच्या रांगेत, पदर नीट घेऊन. सुमननं क्षणभर आईकडं बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं. अगदी सोप्या, सरळ वाक्यांत. हा नमुना आमच्या घरचा होता. आज सकाळी माझ्या आईनं तो मागच्या चुलीला दिला, कारण माझ्या आनंदाच्या दिवशी घरचा दगड चुलीला लागावा अशी आमची रीत आहे. त्यात काय होतं हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे. दुसऱ्या आगीतून तो वाचला होता, ह्या आगीतून वाचला नाही. धन्यवाद.

पेंगणारे जागे झाले. पुण्याच्या सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गिरजाबाईनं मला कोपरानं ढोसलं. “काय म्हणली ओ पोरगी?” मी म्हणाले, तुमचं नाव घेतलं. ती म्हणाली, व्हय? आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मग इतर लोकांनीही वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही कळलं नसावं.

संध्याकाळी मांडव उतरत होता. सुमन निवलेल्या चुलीपाशी बसून राखेतून कपच्या वेचत होती. एकेक उचलायची, फुंकर मारायची, डोळ्यांशी धरायची आणि ओढणीत ठेवायची. शिंपले काळे पडून भुगा झाले होते. गिरजाबाई निंबाला टेकून उभी होती. तिनं सांगितलं की चुलीला दिलेला धोंडा परत घरी नेत नसतात, तिथंच राहू द्यावा. सुमन म्हणाली, माय, थोडाच नेते. आई तिच्या वेचणाऱ्या हातांकडं बघत राहिली. अंधार पडायच्या आत त्या दोघी जीपनं गेल्या. वाऱ्यानं निंबाची पानं राखेवर पडत होती आणि आचाऱ्याची माणसं देगी घासत होती.

पुढचं सांगण्यासारखं नाही. नमुना नाही तर दावा नाही, असं मोठे सर म्हणाले, हळू आवाजात आणि वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले. ते प्रकरण काढून टाकावं लागलं. राहिलेल्या प्रबंधावर पदवी मिळाली, कुणी वाचावा असा तो राहिला नव्हता. कायमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सुमन लासूर स्टेशनला शिकवायला गेली. तिथं बाजार समितीच्या मागं एका खोलीत राहायची, नंतर लग्न झालं, मुलं झाली. कधी फोन आला की दगडांबद्दल बोलायची नाही. एकदाच म्हणाली, “ताई, मायला मात्र कधी कळू देऊ नका हं. ती मरंल.” मी शब्द दिला.

गेल्या रविवारी मी करमाडला गेले. निमंत्रण बघितल्यापासून चैन पडत नव्हतं. गिरजाबाई आता थकली आहे, मुलाकडं असते. मेंढरं कधीच विकली, नातू कारखान्यात जातो. ती अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, मग हात धरून बसवून घेतलं आणि घाटे पुढं सरकवले. मी म्हणाले, पुन्हा तसाच कार्यक्रम आहे, सुमनला बोलायला बोलावलंय. तिनं विचारलं, जेवणं हायेत का? मी म्हणाले, आहेत, पण आता गॅसवर असतात, बाहेरून येतात.

“मग धोंडा नको,” ती म्हणाली. घाटे सोलणारी बोटं थांबली. “बरं झालं.”

तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले.

“मॅडमबाई, त्या दिशी एक बाई आमच्याबद्दल वाईट बोलली. परकी व्हती, पण मराठीत बोलली. मग माझी लेक उठली, माझ्याकडं बघितलं, आन् माझ्याबद्दल विंग्रजीत बोलली. तुम्ही म्हणलाव नाव घेतलं. चांगल्यासाठी घेतलं असतं तर मला कळंल असं घेतलं नसतं का? मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करावं? मग ती राखेत बसून त्या कपच्या डोळ्यांना लावत व्हती, तवा समदंच कळलं. तिचं कायतरी लई मोठं मी जाळलं. काय ते अजून कळलं नाय.”

मी तिला तिथल्या तिथं सांगू शकले असते, गोगलगायी, तळं, दोन आगी, सगळं. मराठीत. मला येत होतं. पण मी दिलेला शब्द होता, आणि शिवाय ते सांगणं माझं नव्हतंच, ते सुमनचं होतं. मी नुसता तिचा हात धरला. ती म्हणाली, “तिला सांगू नका बरं. तिला वाटतंय मला ठावं नाय. तेवढंच तिच्या जिवाला बरं.”

जालना रोडवर बसची वाट बघत उभी होते. ऊन कललं होतं, समोर कारखान्यांच्या भिंती पिवळ्या दिसत होत्या, त्यातल्या एकीच्या खाली तो ओढा. शेजारी कुणीतरी ज्वारीच्या पेंढ्या टाकल्या होत्या, त्यांचा गोड वास येत होता. तेवढ्यात सुमनचा फोन आला. बोलायला जाऊ की नको, असं ती आठवडाभर मला विचारत होती. आता तिचं ठरलं होतं. त्या धोंड्याबद्दलच बोलणार होती, सगळं, पहिल्यापासून. इतकी वर्षं मनात धरून ठेवलंय, आता कुठंतरी सांगून मोकळं व्हायचंय, म्हणाली. मला एवढा आनंद झाला की बस आली आणि गेली तरी मी हात केला नाही.

मी विचारलं, मराठीत बोलशील ना?

“नाय ताई, इंग्रजीतच लिहिलंय,” ती म्हणाली. “मायला घेऊन येणार हाय ना. पुढच्या रांगेत बसंल ती.”